रॉकेलच्या लायनीतली वीट

आमच्या घरात एक गोष्ट गेली कित्येक वर्षं सांगितली जाते. साखरपुडा असो, बारसं असो, जेवणं आटोपून चार माणसं सतरंजीवर टेकली की कुणीतरी ती काढतंच. घाटकोपरला असताना माझ्या बायकोने परदेशातून पळून आलेल्या एका मास्तरांना मुंबईत राहायला शिकवलं, सगळं शिकवलं, पण रॉकेलच्या लायनीतल्या दगडांचं सांगायला विसरली, आणि बिचाऱ्या मास्तरांनी त्यापायी मार खाल्ला. ती होती तेव्हा स्वतःच सांगायची. शेवटी कपाळावर हात मारून म्हणायची, "नेमका तेवढाच माका आठवला नाय." माणसं हसायची. मीही त्यांच्यात बसून हसायचो.

ती जाऊन तीन वर्षं झाली. परवा नातीच्या साखरपुड्यात सुनेने ही गोष्ट व्याह्यांना सांगितली आणि वर म्हणाली, "आमच्या आई पहिल्यापासून जरा विसराळूच होत्या." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या पुढ्यातलं आइस्क्रीम तसंच वितळून गेलं. म्हणून हे लिहायला बसलो आहे. ती विसरली नव्हती. आणि मीही विसरलो नव्हतो.

संप होऊन गिरणी बंद पडली तेव्हा मी साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होतो. एका वेळी चार साचे सांभाळायचो. वर्षभर वाट पाहिली, मग परळची जागा सोडून घाटकोपरला टेकडीच्या अंगावरच्या एका बैठ्या चाळीत खोली घेतली. खाली मोठ्या रस्त्यावर पेनांचा एक छोटा कारखाना होता, तिथे चिकटलो. काम काय, तर तयार पेनांना टोपणं बसवायची. बाजूला सोळा-सतरा वर्षांच्या मुली बसायच्या आणि माझ्या दुप्पट वेगाने टोपणं बसवायच्या. घरी येऊन मी बोलायचो नाही. बायकोही विचारायची नाही. विचारलं की मी अंगावर जायचो, मग तिने विचारणंच सोडलं.

अशात ते जोडपं आमच्या शेजारच्या खोलीत आलं. श्रीलंकेतले तमिळ. तो तिकडे शाळेत गणित शिकवायचा. दंगलीत जमावाने त्यांचं घर पेटवलं होतं. होडीने इकडे आले, काही महिने छावणीत काढले आणि एका नातेवाइकाच्या पत्त्यावर मुंबईला पोचले, तर नातेवाईक जागा सोडून गेलेला. एका संस्थेच्या बाईंनी त्यांच्यासाठी ती खोली मिळवली होती, तीही सहा महिन्यांपुरती. चाळीच्या मालकाने बाईंना आमच्यादेखत बजावलं होतं, "तुमच्या शब्दावर ठेवतो. पण एक जरी भांडण माझ्या कानावर आलं ना, तर त्याच दिवशी खोली खाली. मला लफडं नको."

बाई आमच्या दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, "माणसं शिकलेली आहेत हो, पण इथलं काही ठाऊक नाही त्यांना. नळ, स्टोव्ह, बाजार, रेशन, बस. कुणीतरी हाताला धरून शिकवायला हवं. सहा महिन्यांत त्यांना आपल्या पायावर उभं राहता आलं पाहिजे." मी काही बोलायच्या आत बायको "शिकवीन की" म्हणून मोकळी झाली. बाईंनी लगेच वाटणी केली. घरातलं ती शिकवेल, बाहेरचं मी.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्यासाठी नवाकोरा पितळी स्टोव्ह, दोन चादरी, बादली आणि दोन घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या. मी दारात उभा राहून ते सामान आत जाताना पाहत होतो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमच्यातली किती माणसं परळ-लालबागमधून उठली! कुणी गावी गेलं, कुणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली, कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला. आमच्या दारात कुणी बाई स्टोव्ह घेऊन आली नाही. टोपणं कशी बसवायची हे मला कुणी हाताला धरून शिकवलं नाही. हे मी त्या वेळी बोललो नाही, पण रोज मनात घोळवत राहिलो. घरदार जळलेल्या माणसाच्या बादलीचा मला हेवा वाटत होता.

बायकोचे वर्ग सुरू झाले. स्टोव्हला पंप किती मारायचा, पिन कधी घालायची, ज्योत पिवळी झाली तर काय करायचं. नळाला पाणी पहाटे येतं, हंडे कुठे लावायचे, आपली पाळी सोडून दुसरीची भांडी सरकवायची नाहीत. कोळणीने बांगड्याचा भाव सांगितला की आधी उठून चालू लागायचं, मग ती हाक मारते. हे सगळं ती मालवणी मराठीत, खुणा करत शिकवायची आणि ते दोघं गंभीरपणे ऐकायचे. मास्तर वहीत त्यांच्या लिपीत लिहून घ्यायचे. तिला ते अक्का म्हणायचे, मला अण्णा.

एकदा मास्तरांनी कोळणीसमोर तालीम केल्याप्रमाणे पाठ फिरवली आणि चालू लागले ते चालतच राहिले. तिने तीनदा हाक मारली तरी मागे वळेनात. बायकोला हसू आवरेना. "अहो मास्तर, फिरा आता! हाक मारली तिनं! घरी जाताय काय?" ती पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसत होती. मी मागे पिशवी घेऊन उभा. तिला तसं हसताना मी संपाच्या आधी कधीतरी पाहिलं होतं. मला वाटलं होतं, आता वयामुळे ती हसत नाही. ती फक्त माझ्यासमोर हसत नव्हती.

चाळीतल्या माणसांनीही बरोबर जागा हेरली. कोपऱ्यावर पानाच्या गादीपाशी एक जण म्हणाला, "काय रे, वहिनींनी शाळा काढली म्हणे. तू कितवीत?"

"तो नापास झाला रे, म्हणून तर नवीन पोरगा भरती केला," दुसरा म्हणाला.

मी हसलो. यार-दोस्तांत हसावंच लागतं. पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो.

आणखी एक सांगायला हवं. मास्तर माणूस चांगला होता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. गिरणीत मी काय करायचो हे त्या चाळीत मला विचारणारा तो एकटा. मोडक्या हिंदीत त्याने विचारलं, धागा तुटला की काय करता? मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून दोरा काढला आणि विणकराची गाठ मारून दाखवली. ही गाठ एवढीशी असते, कापडात दिसत नाही आणि ओढलं तर सुटत नाही. गिरणीत लागलो तेव्हा ती शिकायला मला महिना लागला होता, मुकादमाच्या टपल्या खात. मास्तरांनी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा मारली. मी ओढून पाहिली. पक्की.

"बघा!" बायको म्हणाली. "एका झटक्यात जमली त्यांना!"

मी दोरा तोडून टाकला आणि डबा जागेवर ठेवला. माझ्याकडे दाखवण्यासारखी ती एकच गोष्ट उरली होती.

मग शिरवाळे आले. तांदळाच्या उकडीचे शेवयांसारखे गाळतात आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खातात, ते आमच्याकडचे शिरवाळे. मास्तरांच्या बायकोने एकदा खुणा करून काहीतरी सांगितलं आणि आमच्या हिला कळलं की त्यांच्याकडेही असंच करतात, फक्त रश्शाबरोबर खातात. दोघींना काय आनंद झाला! जणू एका गावच्या निघाल्या. ही दोन गल्ल्या पलीकडे एका वेंगुर्लेकर बाईकडे गेली आणि लाकडी सोऱ्या मागून घेऊन आली.

मी परळ सोडल्यापासून दोनदा तिला शिरवाळे करायला सांगितलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "सोऱ्या गावाक रवलो. खयसून करू?"

तो दिवस मंगळवारचा होता. संध्याकाळी मी कारखान्यातून आलो तेव्हा ती तांदळाची पेज गाळत होती. माझ्याकडे न बघता, पण अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाली, "उद्या रॉकेल येणार म्हणतात. मास्तर पहिल्यांदाच एकटे जाणार आहेत. त्यांना दगडांचं नीट सांगून या. आणि आपली वीट लावाल तेव्हा त्यांचाही एक दगड मागे लावा. विसरू नका हां, लायनीत भांडण झालं तर मालक त्यांना ठेवणार नाही."

मी म्हटलं, "सांगतो."

दगडांचं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. रॉकेल रेशनच्या दुकानात महिन्यातून दोन-तीनदा यायचं आणि अर्ध्या लोकांना मिळून संपायचं. म्हणून आदल्या संध्याकाळपासून लाइन लागायची. माणसं रात्रभर थोडीच उभी राहणार! प्रत्येक जण आपली खूण ठेवून जायचा. कुणाचा दगड, कुणाची तुटकी चप्पल, कुणाचा गंजका डबा, कुणाची फुटकी कुंडी. आमची एक वीट होती, कडेला निळा रंग लावलेली. जिथे वीट तिथे तुम्ही उभे. त्या दगडांना कुणी हात लावत नसे. पोरंसुद्धा खेळताना त्यांना वळसा घालून पळायची. ज्याला हे ठाऊक नाही त्याला मात्र गल्लीत नुसता कचरा पडलेला दिसायचा.

मी मास्तरांच्या दारात गेलो. दोघं त्या घडीच्या खुर्च्यांवर बसून जेवत होते. मधे आमचं भांडं होतं, कडेला माझं नाव कोरलेलं, लग्नातलं. त्यात शिरवाळे होते. माझ्या घरात ते केले गेले होते आणि पहिलं भांडं इथे आलं होतं. मास्तर ताडकन उठले, मला खुर्ची दिली, "अण्णा, या, जेवा" असं मराठीत म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनी विचारलं, "उद्या रॉकेल. किती वाजता?"

मी म्हटलं, "लवकर जा. जेवढं लवकर तेवढं बरं."

एवढंच म्हणालो. मग खाली जाऊन लायनीत आमची वीट ठेवली. तिच्यामागे दगड ठेवला नाही. घरी आलो तर ताटात माझ्यासाठीही शिरवाळे वाढलेले होते, झाकून ठेवलेले. मी म्हटलं, भूक नाही.

सकाळी साडेसहाला मी रॉकेलचा डबा घेऊन निघालो. पानाच्या गादीच्या कोपऱ्यावरून रेशनच्या दुकानाची गल्ली सरळ दिसते. मास्तर आणि त्यांची बायको आधीच पोचले होते. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या आणि ते वाकून दगड उचलत होते. एकेक दगड, चपला, डबे, कुंड्या उचलून भिंतीच्या कडेला नीट लावून ठेवत होते. दगड एकीकडे, डबे एकीकडे. गाडीला वाट मोकळी व्हावी म्हणून असणार. शाळेत मास्तर होते, पटांगण साफ करून घ्यायची सवय. त्यांची बायको पदराने एक डबा पुसत होती.

तेव्हा फार तर दहा-बाराच खुणा हलल्या होत्या. मी हाक मारली असती तर सगळं जागच्या जागी ठेवता आलं असतं. क्रम मला ठाऊक होता.

मी बिडी पेटवली. मास्तरांनी माझी निळी वीट उचलली, तिच्यावरची माती झटकली आणि भिंतीशी ठेवली. मी बिडी संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. मला एवढंच हवं होतं की त्याने एकदा नापास व्हावं. सगळ्यांदेखत. बायकोदेखत. त्यापलीकडचं मी काही पाहिलंच नाही.

साडेसातला बायका येऊ लागल्या. पहिलीने बोंब मारली, "अगो बाई, माझी कुंडी कुठाय?" मग एकच गलका झाला. "कुणी हलवलं?" "माझा दुसरा नंबर होता!" "तुझा कसला दुसरा, चल, कालपासून मी आहे!" रॉकेलचं पिंप आलं, दुकानदार नरसाळं घेऊन उभा राहिला आणि वाटणार कुणाला तेच कळेना. मास्तर सगळ्यात पुढे, हसतमुखाने उभे. त्यांना वाटत होतं, आपण केलेल्या कामाबद्दलच बोलणं चाललंय.

"ए मद्रासी, तू हात लावला? कुणाच्या बापाला विचारून?"

एकाने कॉलर धरली. एकाने ढकललं. एक डबा त्यांच्या कपाळावर बसला. रेटारेटीत एका बाईच्या डब्यात तळाला उरलेलं थोडं रॉकेल त्यांच्या शर्टावर सांडलं. आमच्यासाठी ते नेहमीचं लायनीतलं भांडण होतं, दुपारी चहा पिताना विसरून जाण्यासारखं. पण रॉकेलचा वास अंगाला लागला आणि मास्तरांचा चेहरा बदलला. भोवती डबे घेतलेली, ओरडणारी माणसं. ते हात जोडून खाली बसले. त्यांची बायको अशी काही ओरडली की सगळी गल्ली गप्प झाली. ती गुडघ्यावर बसून हातांनी, पदराने त्यांचा शर्ट पुसत सुटली. पुसतच राहिली. काय चाललंय कुणालाच कळेना. मला कळलं. त्यांचं घर कसं जळलं, जमावाने आधी कशावर काय ओतलं, हे बाईंनी आमच्याच खोलीत बसून सांगितलं होतं.

ओरडा ऐकून बायको पायऱ्या उतरत धावत आली. तिने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा भिंतीशी रचलेल्या दगडांकडे, आणि तिला सगळं समजलं. ती मधे उभी राहिली. "त्यांना सोडा. त्यांची काय चुकी नाय. मीच सांगूक इसारलंय. बोला, काय बोलायचा ता माका बोला!" आणि माणसं तिला बोलली. वर्गणीच्या पावतीवरून जुनी अढी असलेल्या एका बाईने तर, "मोठी मास्तरीण निघालीय" म्हणून हातवारे करून दाखवले. तिने ऐकून घेतलं. मी तोवर गर्दीत येऊन उभा राहिलो होतो.

घरी आल्यावर तिने मला विचारलं. तिचा आवाज बारीक होता. "काल मी तुम्हाला सांगितलं होतं ना? दगडांचं?"

मी म्हटलं, "नाही. मला कुठे काय बोललीस तू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. ती आठवत होती. पेज गाळत होते, तुम्ही आलात, मग... मी चप्पल काढून कोनाड्यात ठेवली आणि म्हटलं, "शिरवाळ्यांच्या नादात राहून गेलं असेल."

तिने मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास बसला, स्वतःवरचा उडाला.

मालकाच्या कानावर गेलंच. पण त्याने काही म्हणायच्या आत मास्तरांनीच बाईंना सांगितलं, इथे नको. चार दिवसांनी ते बोरिवलीकडे कुठेतरी गेले, पुढे परदेशी गेल्याचं ऐकलं. निघताना दोघं आमच्या दारात आले. कपाळावर पट्टी होती. बायकोच्या पाया पडू लागले तर ती रडायलाच लागली. मग मास्तर माझ्याकडे वळले. मराठी वाक्य पाठ करून आले होते. "अण्णा, तुमची वीट मी हलवली. मला माफ करा."

मी म्हटलं, "असू दे."

त्यांना वापरायला दिलेला आमचा एक डबा त्यांनी परत केला. धुऊन, तोंडाला दोऱ्याने फडकं बांधून. ते दोघं गेल्यावर बायको फडकं सोडायला बसली, सुटेना. दोऱ्याला विणकराची गाठ होती. शेवटी तिने तो दोरा ब्लेडने कापला.

त्यानंतर ती कुणाला काही शिकवायला गेली नाही. बाई पुन्हा एकदा दुसऱ्या कुटुंबासाठी विचारायला आल्या तर म्हणाली, "माझ्या ध्यानात राहत नाही हो. कुणाचं तरी वाईट होईल." मी आत बसून ऐकत होतो. भाजीची यादी लिहून न्यायला लागली. दूध सांगितलं की नाही, दोनदा विचारायला लागली. चाळीत नवीन बिऱ्हाड आलं की ती पहिल्याच दिवशी दारात जाऊन सांगायची, "लायनीतले दगड हलवू नका हां." गॅस आला, रॉकेलची लाइन गेली, तरी सून लग्न होऊन घरात आली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. सून गोंधळली. मग सासूने तिला ती गोष्ट सांगितली आणि दोघी हसल्या.

शेवटच्या आजारपणात मी रोज तिच्या उशाशी बसायचो. सांगायचं ठरवून बसायचो. ती विचारायची, "गोळी घेतली का मी?" मी म्हणायचो, "घेतलीस." यापुढे गेलो नाही.

हे कागद मी सुनेला देणार आहे. गोष्ट सांगू नको, असं माझं म्हणणं नाही. ती सांगायला लागली की माणसं हसतात, घर भरल्यासारखं वाटतं. फक्त आता बरोबर सांगावी. मंगळवारी संध्याकाळी, पेज गाळताना, तिने मला सांगितलं होतं. दगडांचं सांगून या म्हणाली होती, त्यांचा एक दगड मागे लावा म्हणाली होती, विसरू नका हां म्हणाली होती.